ऑनलाइन गटप्रकल्प: गट शिक्षकाने पाडावेत की मुलांनी?

ऋतुपर्ण: पदवीच्या एकाच वर्गात खेड्यातून आलेली मराठी माध्यमाची मुलं, शहरातली इंग्रजी माध्यमाची, नोकरी सांभाळून शिकणारी, अशी सगळी असतात. ऑनलाइन प्रकल्पासाठी मोकळं सोडलं की जुन्या ओळखींचेच गट होतात. माझं ठाम मत: गट शिक्षकानेच पाडावेत, चौघाचौघांचे. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्यानेच एका वर्गात आली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांनी जिगसॉ पद्धत आणली. प्रत्येकाकडे धड्याचा एकच तुकडा, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही.

कोरी_वही: ती मुलं एका खोलीत समोरासमोर होती हो! ऑनलाइन बैठकीत कॅमेरे बंद असतात. गटात मराठी माध्यमाची एकटी मुलगी पडली की चर्चा इंग्रजीत सरकते आणि तिच्या वाट्याला स्लाइड सजवणं येतं. आधी जोडीदार मुलांनी निवडावा. मग शिक्षकाने दोन वेगळ्या जोड्यांचा गट करावा.

ऋतुपर्ण: जोडीचं पटलं. पण दोन जोड्या म्हणजे दोन तंबू: काम अर्धंअर्धं वाटायचं आणि शेवटच्या रात्री चिकटवायचं. त्यावर तोडगा आहे. समजा विषय पाणीटंचाई. पाऊस, भूजल, पीकपद्धती, टँकरचा खर्च असे चार तुकडे. भूजलवाले सगळ्या गटांतून वीस मिनिटं एकत्र बसून आपला भाग पक्का करतील, मग आपापल्या गटात समजावतील. अहवालात मात्र आपला तुकडा लिहायचा नाही, दुसऱ्या जोडीकडून समजलेला लिहायचा. समजलं नसेल तर पहिल्याच परिच्छेदात कळतं.

माधवी_न: खरी गोची गुणांत आहे. गूगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास टाइप कोणी केलं तेवढंच दाखवतो. मोबाइलवरचा मुलगा वहीत लिहून फोटो टाकतो, मुद्दा आवाजी संदेशात सांगतो. त्याची तिथे नोंदच नाही. म्हणून ६० गुण अहवालाला, ४० तोंडीला. प्रत्येकी पाच मिनिटं, प्रश्न दुसऱ्याच्या भागावर, उत्तर मराठीत चालेल.

कोरी_वही: ८० मुलांचे ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला त्याचं मानधन कोण देणार?

माधवी_न: मग गटातून चिठ्ठी काढून एकालाच विचारा, गुण चौघांना. १०० मिनिटांत आटपतं, आणि कोणाचं नाव निघेल ठाऊक नसल्याने चौघंही तयारी करतात.

कोरी_वही: नाही. बोलताना अडखळणाऱ्याची चिठ्ठी निघाली तर बाकी तिघं पुढच्या वेळी त्याला जोडीदार म्हणून घेणार नाहीत. वेळ वाचवायचा तर प्रत्येकाला दोनच मिनिटं द्या, पण विचारा सगळ्यांना.