सिबिल स्कोअर कमी असल्यामुळे मोठा फ्लॅट भाड्याने मिळत नाही, काय करावे?

टाकळीकर

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे नागपुरात झिंगाबाई टाकळीत एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या आणि तेव्हापासून मुलाची दहावीची पुस्तके शिलाई मशीनवर आली. मनीषनगरला लिफ्ट असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडला. भाडे १६,००० आणि डिपॉझिट ५०,०००. मालक परगावी असल्याने व्यवहार एक कंपनी पाहते. त्यांनी माझ्या पतीचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा आकडा, मागितला, तो ६१८ निघाला आणि दुसऱ्याच दिवशी नकार आला. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद असताना क्रेडिट कार्डाचे हप्ते थकले आणि पुढच्या वर्षी बँकेशी तडजोड करून आम्ही ते प्रकरण मिटवले, एवढाच काय तो दोष. घरभाडे मात्र सहा वर्षांत एकदाही चुकलेले नाही. अमरावतीचे दीर स्वतःच्या नावावर करार करून द्यायला तयार आहेत. तसे करावे का?

त्रिमूर्तीनगरचा घरमालक

दिरांच्या नावाचा करार करू नका. करारात एकाचे नाव आणि घरात दुसरेच कुटुंब, हे पोलीस पडताळणीच्या वेळी उघडे पडते. शिवाय काही वाद झालाच तर राहण्याचा हक्क तुम्हाला कागदावर दाखवता येत नाही आणि देणे मात्र दिरांच्या माथी बसते. त्यांना मदत करायचीच असेल, तर करारात तुमच्या पतींसोबत त्यांचे नाव सहभाडेकरू किंवा हमीदार म्हणून उघडपणे घाला.

माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत आणि आजवर मी कोणाचाही स्कोअर विचारलेला नाही. मी बँकेचे स्टेटमेंट मागतो आणि भाड्याच्या ओळीवर बोट ठेवून प्रत्येक महिन्याची तारीख पाहतो. दर महिन्याला पाच तारखेच्या आत पैसे गेलेले असतील, तर त्या माणसाचे जुने कार्ड कुठे अडकले होते याच्याशी मला देणेघेणे नाही. (माझे भाडेकरूंशी जे दोन वाद झाले, ते दोन्ही कूलरच्या पाण्याने ओल धरलेल्या भिंतीवरून झाले.) तुम्ही कंपनीला वळसा घालून मालकांशी थेट बोलता येते का ते पाहा, आणि जुन्या घरमालकांकडून सहा वर्षांच्या वेळेवर भाड्याचे पत्र घेऊन ते सोबत पाठवा.

एक मुद्दा आवर्जून मांडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी मालकाची असते. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. मालकाला हे संरक्षण कायद्याने दिलेले आहे, मग भाडेकरूचा स्कोअर ६१८ असो की ८००.

निवृत्त बँक कर्मचारी

वरील सल्ला योग्यच आहे, पण ज्यावरून स्कोअर ठरतो त्या क्रेडिट अहवालाकडेही दुर्लक्ष करू नका. स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. तुमच्या बाबतीत खरी अडचण त्या आकड्यापेक्षा कार्डाच्या खात्यासमोरच्या ‘सेटल्ड’ या शेऱ्याची आहे. त्याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून दिली, पूर्ण फेड झालेली नाही, असा होतो. सोडून दिलेली रक्कम किती होती हे बँकेला लेखी विचारा. ती आता भरणे शक्य असेल, तर भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवण्याचा अर्ज द्या. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती क्रेडिट माहिती कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. सिबिलसह अशा चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळली तर तक्रार करा, कारण ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

आणि डिपॉझिटसाठी वैयक्तिक कर्जाचे अर्ज चार ठिकाणी करत बसू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते आणि स्कोअर आणखी खाली येतो.

करारनामे करणारा

खर्चाचा अंदाज देतो. ११ महिन्यांचे भाडे १,७६,००० होते. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज मिळवून एकूण रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५०० रुपयांच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीत परगावच्या मालकालाही आपल्या गावाहून अंगठा देता येतो, त्यामुळे ‘मालक इथे नाहीत’ ही सबब चालत नाही.

टाकळीकर

सर्वांचे मनापासून आभार. दिरांना आज फोन करून केवळ हमीदार म्हणून सही करण्याची विनंती केली; तेही सुटकेचा श्वास टाकून ‘बरे झाले वहिनी’ म्हणाले. सध्याच्या घरमालकांनी पत्र द्यायचे कबूल केले आहे. पत्र हाती आले की मनीषनगरच्या सोसायटीतील सचिवांमार्फत मूळ मालकांना निरोप पाठवणार आहे, आणि बँकेत अर्ज घेऊन सोमवारी हे स्वतः जाणार आहेत.