लहानपणी नट व्हायचे ठरवले होते

प्रश्न : फोंड्याजवळच्या आमच्या गावी जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात मराठी नाटक व्हायचे, आणि आरशापुढे बसून चेहऱ्याला रंग लावणाऱ्या काकांकडे पाहत मी नट व्हायचे ठरवले होते. आता चाळिशीत ती ओढ पुन्हा जागी झाली आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत गावोगावची हौशी मंडळे उतरतात. जवळच्या मंडळाच्या तालमीला जा आणि आधी प्रॉम्प्टिंग, म्हणजे नटांना आडून वाक्ये सांगण्याचे काम, मागून घ्या. इतरांची वाक्ये रोज वाचताना श्वास कुठे घ्यायचा, हे कानाला आपोआप कळू लागते.

उत्तर : मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली, पण कृपया त्या वयाशी तुलना करू नका. आमच्या मंडळाला बापाच्या भूमिकेसाठी माणूस मिळत नाही.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. रविवारी तालमीला जातो.