ऊसतोडीच्या लेकरांसाठी काय विणू? मागच्या वर्षीची फजिती परत नको

सुलट_उलट (परभणी)

राम राम मंडळी. नोकरी संपून चार वर्षं झाली, तेव्हापासून हातातल्या सुया खाली ठेवल्या नाहीत. घरातलं सगळं झाकून झालं. नवऱ्याला तीन स्वेटर, नातवाला सहा, पाण्याच्या बाटलीला झबलं, मोबाईलला पिशवी. परवा सून म्हणाली, "आई, आता फ्रिजचं माप घेऊ का?" तेव्हा म्हटलं, घराबाहेर बघायची वेळ झाली.

माझं माहेर धारूर तालुक्यात. दिवाळीच्या आगंमागं गावातली निम्मी घरं कुलपात जातात. ऊस तोडायला कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. इथं परभणीत कृषी विद्यापीठात पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात शेकोटीचे फोटो येतात आणि आपण गोधडीत बसून ते बघतो. ही माणसं त्या वेळेला दवानं ओल्या झालेल्या उसाच्या पाचटात उभी असतात, लेकरं बांधावर.

म्हणून मागच्या वर्षी जिद्दीनं २२ नग केले. ९ मफलर, ८ जोड हातमोजे, ५ कानटोप्या. भावजयीनं टोळी निघायच्या आदल्या दिवशी वाटले. मी मनातल्या मनात लई खुश.

पाडव्याला गावी गेले तर टोळ्या परत आलेल्या. पहिलंच दर्शन काय झालं सांगू? माझा मरून मफलर, जाळीची नक्षी, कडेला गोंडे, तो बैलाच्या मानेवर! जू घासून खांदा सोलला होता म्हणून मालकानं चार घड्या करून खाली बांधलेला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "अक्का, बैलाला लई आराम पडला." आता यावर काय बोलणार?

हातमोज्यांचं मात्र मनाला लागलं. एकीनं ते भाकरीचा तवा उतरवायला वापरले. तळव्याकडची लोकर वितळून चिकटली आणि पोरीच्या बोटांना चट्टा पडला. फोड बरा झाला होता, पण डाग होता. तिनं तक्रार केली नाही, उलट हसून दाखवला. मला रात्री झोप लागली नाही.

टोप्या मात्र पाचही डोक्यावर होत्या. एक पोरगं तर भर उन्हात, घाम गळतोय तरी काढंना.

दसऱ्याला अडीच महिने आहेत. रोज तीन-चार तास विणते, एका टोपीला अडीच दिवस. काय विणू, कशाचं विणू, कुणाच्या मापानं विणू? "चांगलं काम करताय ताई" असं लिहू नका, ते मैत्रिणी सांगतात. चुका सांगा.

फडकरी (केज)

काकू, माझे आई-वडील एक कोयता होते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मी बारा वर्षांचा होईपर्यंत सीझनला त्यांच्यासोबत कोपीत, म्हणजे झोपडीत राहिलो. आता लातूरला वायरिंगची कामं करतो. चुका सांगा म्हणालात म्हणून सांगायलोय, राग मानू नका.

हातमोजे बंद करा. लोकरीच्या मोज्यात कोयत्याची मूठ फिरती. कोयता निसटला तर पाय जातो. आमची आई बाबांच्या फाटक्या शर्टाची बाही कापून कोपरापर्यंत चढवायची, पानं कापू नयेत म्हणून. उसाचं पान करवतीसारखं असतंय, त्याच्यात लोकर अडकली की एका दिवसात धागे लोंबायला लागतात. तुमची जाळीची नक्षी तर पहिल्या सरीतच गेली असती. बैलानं वाचवली म्हणा.

मफलरचा दुसरा प्रॉब्लेम, टोकं. मोळी उचलताना पुढं येतात, चुलीपुढं वाकलं की जाळात. आई पदर सुद्धा खोचून बसायची. तिला लोंबणारं काही नकोच.

टोपी पाहिजे. पण पांढरी, गुलाबी, फिक्की नको. काही फड तोडायच्या आधी पेटवतात, तिथली काजळी आठ दिवसांत टोपी काळी करती. लेकराला मात्र भडक पाहिजे, पोपटी नाहीतर भगवी. कारण सांगतो. रात्री गाडी भरायला लागले की ट्रॅक्टर मागं-पुढं होतो आणि पोरं पाचटावर झोपलेली असतात. पाचट आणि गोधडी एकाच रंगाची दिसती. भडक टोपी दिव्याच्या उजेडात उठून दिसती. आमचा मुकादम ओरडायचा, "पोरं मोजा रे!" आणि मग ट्रॅक्टर हलायचा.

अजून एक. भावंडांना एकसारख्या टोप्या देऊ नका. आम्ही तिघं होतो, सकाळी कुणाची कुठली यावर मारामाऱ्या. शिवाय एकाच्या उवा तिघांत. प्रत्येकाला कडेला वेगळी पट्टी टाका, झालं.

दोन_सुया (छत्रपती संभाजीनगर)

लोकर वितळली म्हणजे ती लोकर नव्हती. आपल्या बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकचाच भाऊ. तापलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. मेंढीची लोकर जाळाला धरली तरी नुसती करपते, बाजूला घेतली की बहुधा आपोआप विझते.

घरी तपासायचं असेल तर वीतभर धागा सांडशीत धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवा. केस जळल्याचा वास आणि बोटानं चुरडणारी राख आली तर खरी लोकर. टणक काळा मणी उरला तर ॲक्रिलिक. कागद जळल्याचा वास आणि भुरभुर राख म्हणजे सूत. माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच करून दाखवते. "शुद्ध लोकर" म्हणून घेतलेल्या लडीचा मणी झाला की बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

खरी लोकर महाग पडते हे खरं. म्हणून जुने स्वेटर मागून घ्या. घराघरात कपाटाच्या तळाशी एखादा असतोच, कुणीतरी काश्मीर-सिमल्याहून आणलेला, डांबरगोळीच्या वासाचा. आधी बाजूची शिवण उसवा आणि मग वरून खाली उकला, खालून उकलायला गेलात तर रडाल. उकललेला धागा कुरळा येतो. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि खाली वजन अडकवून सावलीत वाळवा. सरळ होतो. कुरळ्याच धाग्यानं विणलं तर टाके लहान-मोठे पडतात.

आता माप. नातवाच्या डोक्यावर विणू नका, खाऊन-पिऊन सुखी डोकं असतं ते. पाच-सहा वर्षांच्या पोराचं डोकं साधारण ५० सेंमी धरा. टोपी मात्र ४२ सेंमीची विणायची, ताणून बसली तरच वारा अडतो. मी दहा नंबरच्या सुयांवर विणते, १० सेंमीत २४ टाके येतात. तुमचा हात सैल असेल तर आधी तळहाताएवढा तुकडा विणून मोजा. हे सांगून माझं तोंड दुखलं, कुणी करत नाही आणि मग टोपीची टोपली होते.

१०० टाके घाला, शिवणीसाठी वरून २. दोन सुलट दोन उलट अशी १२ सेंमी पट्टी. ती निम्मी वर दुमडली की कानावर दुहेरी थर येतो. पट्टीवर १० सेंमी साधी वीण. मग घटवायला घ्या: आठ सुलट, दोन एकत्र, असं ओळभर. परतीची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीला सात आणि दोन एकत्र, मग सहा. शिवणीचे २ सोडून १० टाके उरले की दोरा तोडा, सगळ्यांतून ओवा आणि गच्च ओढा. गोंडा नको. गोंड्याला धरून पोरं एकमेकांना ओढतात.

सुलट_उलट (परभणी)

फडकरी भाऊ, राग कसला? पण "बैलानं वाचवली" वाचून नवरा इतका हसला की चहा सांडला.

दोन_सुया ताई, मी खालून उकलायचे! चाळीस वर्षं! आईनं शिकवलं नाही की मी ऐकलं नाही, आता विचारायला ती नाही.

काल तुमचा मणी करून बघितला. माझ्याकडच्या चौदा लडींपैकी तेरांचा मणी झाला. म्हणजे त्या पोरीच्या बोटावर मीच प्लास्टिक ठेवलं होतं की. एक शंका: खरी लोकर ह्या लोकांनी दगडावर ब्रशनं घासून धुतली तर आटणार नाही का? माझा एक स्वेटर गरम पाण्यात बाहुलीचा झाला होता.

फडकरी (केज)

काकू, सीझनला टोपी कोण धुतंय? अंघोळीला पाणी मिळालं तर नशीब.

रात्रपाळी (नांदेड)

मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते. फडात वर्षाच्या आतली बाळंही असतात, झोळीत नाहीतर आईच्या पाठीशी. त्यांच्यासाठी विणणार असाल तर माझं ऐका.

बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, तिथून उष्णता लवकर जाते. म्हणून कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवतो तेव्हाही डोक्यावर टोपी आणि पायात मोजे असतातच. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्माला ३५ सेंमीच्या आसपास असतं. टोपी त्याहून दोन-तीन सेंमी कमी.

बंद लावू नका. हनुवटीखाली बांधायचे ते छान टोपडं फोटोपुरतं ठीक, झोपेत बंद गळ्यात जातो. बटण नको, मणी नको, टिकली नको. आणि मोज्यांची आतली बाजू उलटी करून बघा. रंग बदलताना मागं धागे सैल सोडतो ना, त्यात बाळाचं बोट अडकतं. धागा बोटाला आवळला की बाळ नुसतं रडतं आणि घरचे पोट दुखतंय म्हणून ओवा देत बसतात. मी असं सुजलेलं बोट बघितलंय. बाळाच्या वस्तूला एकच रंग, पट्टी नको.

बाळासाठी धागा सुती घ्या. गरम पाण्यात धुता येतो, टोचत नाही.

आणि देताना आईला तोंडानं सांगा की दुपारी टोपी काढायची. आपल्याकडं डिसेंबरातही दुपारी चांगलं तापतं, आणि सकाळी घातलेलं टोपडं रात्रीपर्यंत तसंच असतं. बाळाची मान आणि पाठ हात लावून बघायची. घाम असेल तर एक थर कमी.

औसेकर

विणकामातलं मला काही कळत नाही, बायकोच्या मोबाईलवर वाचायलो. एक गोष्ट लिहावीशी वाटली.

३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवले आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. पुढचे कित्येक दिवस कपड्यांचे ट्रक येत होते. पत्र्याच्या शेडपुढं ढीग असायचा. त्यात साड्या, कोट, पडदे, एका पायाचे बूट. बरंचसं पावसात भिजून कुजून गेलं. पण त्या ढिगातून मला एक हातानं विणलेला निळा स्वेटर मिळाला. बाह्या हातभर लांब, चार बटणं सारखी आणि पाचवं कोटाचं, मोठं. ते पाचवं बटण काजात जायचं नाही. तो मी नववीपर्यंत घातला, बाह्या दुमडून. कुणी विणला कधी कळलं नाही. माप चुकलं तरी देत जा.

दोन_सुया (छत्रपती संभाजीनगर)

औसेकर दादा, दिलंच पाहिजे. पण मापातही पाहिजे!

गोधडीवाली (हिंगोली)

मधेच विचारते. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर वापरली तर? ती तर खरीच लोकर, आणि आपल्या भागातली.

दोन_सुया (छत्रपती संभाजीनगर)

घोंगडीसाठी उत्तम, टोपीसाठी नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, कानाला टोचते. घोंगडीला तर वरून चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती एवढी ताठ राहते. पण फडकरींनी सांगितलेल्या बाह्यांसारखं काही जाड विणून बघायचं असेल तर करून बघा आणि मलाही सांगा.

सुलट_उलट (परभणी)

तीन आठवडे झाले, हिशोब द्यायला आले.

कॉलनीत सांगून जुने स्वेटर मागितले. अकरा आले, मणी-परीक्षेत चारच पास झाले. चारांतून सात टोप्यांची लोकर निघाली. एक स्वेटर शेजारच्या काकांचा, लष्करात असतानाचा, हिरवा. उकलताना ते खुर्ची घेऊन समोर बसले आणि कुठल्या चौकीवर किती बर्फ होतं ते सांगत राहिले. दोन तासांचं काम पाच तास चाललं. तो हिरवा अंधारात दिसणार नाही म्हणून कडेला भगवी पट्टी टाकली. काकांना आधी आवडली नाही, मग ट्रॅक्टरचं सांगितलं तर म्हणाले, दोन टाका.

ॲक्रिलिकच्या तेरा लडी आहेत, त्या टाकवत नाहीत. त्यांच्या मोठ्या पोरांच्या टोप्या करतेय, घट्ट वीण, लोंबणारं काही नाही. चुलीपाशी बसणाऱ्या बायांना ॲक्रिलिकचं काहीच देणार नाही, आणि का देत नाही ते भावजयीकडून फोनवर दोनदा वदवून घेतलं. बाळांसाठी सुती दोरा आणलाय, पिवळा.

मापासाठी डोकं कुठून आणायचं हा प्रश्न होता. नातू आता चिडतो, पळून जातो. परवा शहाळं आणलं, टेप लावली तर बरोबर ५०. पाणी नातवाला पाजलं आणि रिकामं शहाळं ओट्यावर ठेवलंय. पहिली टोपी त्याच्यावर चढवली तर कानाच्या जागी बोटभर वर राहिली. पट्टी १४ सेंमी करावी लागणार. टोपी उकलायला घेतलीय. वरून.

आणि त्या बैलवाल्याचा निरोप आलाय भावजयीकडून. यंदा बैलाला दोन पाहिजेत, म्हणे जोडीतला दुसरा रुसलाय. जाळी नको, जाड चौकोन विणतेय, चार पदरी. जाळापासून लांब असतो तो, तेव्हा ॲक्रिलिक चालेल ना, फडकरी भाऊ?

फडकरी (केज)

चालतंय काकू. फक्त गोंडे लावू नका, शेजारचा बैल खाईल.