शब्दचर्चा: दाताच्या कॅपची फट, आणि 'अविनाशी' तपासणी

प्रश्न
कॅप किंवा फिलिंग दातावर कितपत नीट बसलंय, हे स्कॅन करून बघण्याच्या पद्धतींवर लेख लिहितोय. दोन ठिकाणी अडलोय. 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह'ला 'अविनाशी' चालेल का? आणि 'मार्जिनल गॅप' म्हणजे भेग, चीर की फट?

उत्तर
'अविनाशी' आत्म्याला राहू द्या हो! ज्याचा नाश होत नाही तो अविनाशी. इथे तपासणीमुळे नमुन्याचा नाश होत नाही, असं म्हणायचंय. सरळ 'न कापता' लिहा. जुनी पद्धत खरोखर कापायचीच होती: काढलेल्या दातावर कॅप चिकटवायची, तो रेझिनमध्ये पक्का करायचा, उभा छेद घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. दात गेला कामातून. सिमेंट लावण्याआधी किती अंतर होतं आणि नंतर किती, हे त्याच दातावर बघायची सोयच उरत नाही. मायक्रो-सीटीत, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या बारीक त्रिमितीय स्कॅनमध्ये, काप संगणकावर पडतात, हवे तिथे, हवे तितके.

दुसरा शब्द 'फट'च. भिंतीला भेग पडते, दार आणि चौकटीत फट राहते. पोर्सेलिनला भेग गेली तर ती वेगळी तक्रार.

आणखी एक उत्तर
फट बरोबर, पण कुठून कुठे मोजली ते लिहा. १९८९ साली होम्स आणि सहकाऱ्यांनी यावर संज्ञाच ठरवून दिल्या. कॅपची कडा दातापासून उचललेली असते, ती फट. शिवाय कडा आखूड पडते किंवा बाहेर येते, ते वेगळं. दोन्ही धरून कडेपासून कडेपर्यंत मोजलं की आकडा वाढतो. १२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं, हा मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांचा १९७१चा निकष सगळे देतात, पण मोजलं काय हे बरेचदा गुलदस्त्यातच.

प्रश्नकर्ता
मग मायक्रो-सीटी तोंडातच का करत नाहीत?

उत्तर
क्ष-किरणांचा डोस जास्त आणि यंत्रात नमुना मावतो छोटा, त्यामुळे ते काढलेल्या दातांपुरतंच. धातूची कॅप असेल तर प्रतिमेत पट्टे उमटतात आणि नेमकी कडाच बुजते. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) या दुसऱ्या स्कॅनमध्ये अवरक्त प्रकाश असतो, क्ष-किरण नाहीत, म्हणून ती तोंडात वापरता येते. पण प्रकाश दोन-तीन मिलिमीटरच आत जातो आणि धातूपुढे थांबतो.

यंत्राशिवायचा मार्गही आहे: कॅपमध्ये पातळ सिलिकॉन भरून ती दातावर दाबायची. सिलिकॉन घट्ट झाल्यावर कॅप काढली की आत पापुद्रा राहतो. त्याची जाडी म्हणजेच मधली जागा.

बाकी, कॅपच्या आतल्या अंतराला सरसकट 'फट' म्हणू नका. सिमेंटसाठी थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते. तिथे 'सिमेंटची जागा' लिहा आणि 'फट' कडेसाठी ठेवा.