मदत हवी आहे: कॅनडाची स्पाउस स्पॉन्सरशिप सिक्युरिटी चेकमध्ये अडकली आहे

नमस्कार मंडळी. मी कॅल्गरीत पीआरवर (कायमचा रहिवासी म्हणून) आहे, बायको आणि लहान मुलगी साताऱ्याला. त्यांना इकडे आणण्यासाठी केलेल्या स्पॉन्सरशिपच्या अर्जाचं बाकी सगळं पार पडलंय, फक्त सिक्युरिटी स्क्रीनिंग सुरूच आहे. चौकशीसाठी इमिग्रेशन खात्याचा वेबफॉर्म भरला की तेच ठरावीक उत्तर. 5 डॉलर भरून जीसीएमएस नोट्स (खात्याच्या सिस्टीममधल्या आमच्या फाइलच्या नोंदी) मागवल्या, पण नेमका तोच भाग झाकलेला. मेडिकलची 12 महिन्यांची मुदत संपत आलीये. आपणहून पुन्हा करावी की पत्राची वाट पाहावी? स्थानिक खासदाराच्या ऑफिसातून चौकशी केल्यावर कुणाची फाइल हलली का? फेडरल कोर्टात मॅन्डेमससाठी (खात्याला निर्णय द्यायला लावणाऱ्या आदेशासाठी) कधी जावं? बायकोने जायचं म्हणून नोकरी सोडलीये, आता तिचा धीर सुटतोय. मुलगी रोज विचारते, “बाबा, आम्ही कधी येणार?” तिला काय सांगू? यातून गेलेल्यांनी हे दिवस कसे काढले, तेही कृपया लिहा.