मदत हवी आहे: आत्याचं लिथियम, भगतांचं अळणी आणि तोंडावर आलेलं नवरात्र

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईतल्या घणसोली गावात राहणाऱ्या माझ्या आत्यासाठी लिहिते आहे. तिला बरीच वर्षं बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं, कधी पार खचतं. त्यावर लिथियम हे औषध चालू आहे आणि गोळ्या ती नेमाने घेते. शिवाय गावातल्या भगतांकडेही जाते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादांनी तिला मंगळवारी अळणी जेवायला सांगितलं होतं, आणि आता नवरात्रात नऊही दिवस एकवेळ जेवण, तेही अळणी. माझा जीव यातच अडकलाय.

ज्यांच्या घरी लिथियम चालू नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूत्रपिंडात लिथियम आणि मिठातलं सोडियम जवळपास एकाच वाटेने जातात. जेवणातलं मीठ एकदम कमी झालं की शरीर सोडियम धरून ठेवतं, त्याच्याबरोबर लिथियमही बाहेर पडत नाही आणि रक्तात साठत जातं. पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले, अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली, तरी तोच धोका. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवतात आणि 1.5 च्या वर विषबाधेची भीती असते. औषध आणि विष यांत इतकंच अंतर.

गणपती गेल्यावर मी गावात गेले तेव्हा आत्या ओटीवर जवळा निवडत बसली होती. बोटं इतकी थरथरत होती की काडीकचरा चिमटीत येईना. उठताना भिंत धरली. बोलणंही जड वाटलं. लगेच रक्त तपासलं तर 1.4. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, आता पातळी ठीक आहे. पण मी अळणी जेवणाचं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "ते भगत-बिगत आधी बंद करा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मीठ किती खायचं, उपवास करायचा तर कसा, काहीच नाही. तेव्हापासून आत्या म्हणते, "त्या डाक्टरकडं मी जायाची नाय."

दादांकडे जाऊ नको असं मी तिला सांगू शकत नाही, आणि सांगावंसं वाटतही नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून आमच्या घरात भाऊ भावाशी बोलत नव्हता. आत्याची झोप उडायची ती दरवेळी त्या भांडणानंतरच. दादांनी सगळ्यांना देव्हाऱ्यासमोर बसवलं, एकेकाला बोलतं केलं, नारळावर हात ठेवून शब्द घ्यायला लावला. त्या वर्षी गावदेवीच्या जत्रेला दोन्ही काका एका पंगतीत जेवले. हे काम दवाखान्यातल्या दहा मिनिटांत कोण करणार? समुपदेशक अख्ख्या कुटुंबाला घेऊन बसतात तेव्हा वेगळं काय करतात, हे मी खरंच मनापासून विचारतेय.

कृपया 'सगळं थोतांड आहे, पोलिसांत जा' असे प्रतिसाद नकोत. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा आपल्याकडे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. तमिळनाडूत एरवाडीला 2001 साली साखळदंडाने बांधलेली माणसं आगीत जळून गेली, ते कुणी विसरू नये. दादा यातलं काही करत नाहीत. पैसे घेत नाहीत. उलट आत्याला बजावतात, "गोल्या सोरू नको." स्वतः पालिकेच्या दवाखान्यातून बीपीच्या गोळ्या आणतात. मिठाची भानगड त्यांना कुणी सांगितलेलीच नाही.

गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम झाला. दुआ मागायला येणाऱ्यांना तिथल्या मुजावरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, अशी त्याची रीत. श्रद्धा सोड, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. आपल्या ठाण्यात 1901 पासूनचं मनोरुग्णालय आहे, आयपीएचसारखी मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. मग गावठाणातल्या भगतांशी असं कुणी बोलतं का?

मला नेमकं हे हवं आहे. ऐरोली, वाशी किंवा ठाण्यात असे मानसोपचारतज्ज्ञ माहीत आहेत का, जे भगताचं नाव काढल्यावर पेशंटला झिडकारणार नाहीत? जमल्यास दादांसाठी मराठीत एक चिठ्ठी लिहून देतील: मीठ रोजच्याइतकंच, पाणी भरपूर, जुलाब-उलट्या झाल्या की लगेच फोन.

उपवासाला सैंधव चालतं, आणि सोडियम त्यातही असतंच. म्हणून नवरात्रात अळणीऐवजी सैंधव घातलेली भगर आणि ताक असं दादांना सुचवायचा विचार आहे. अर्थात आधी डॉक्टरांचा होकार घेऊनच. घरात लिथियम असताना कुणी नवरात्राचे उपवास केले आहेत का? रक्त उपवासाच्या आधी तपासलं की मध्येही?

आणि भगतांशी कुणी बोलावं? काका म्हणतात बायांनी त्यात पडू नये. मला वाटतं आत्यानेच बोलावं, मी शेजारी बसेन. कुणाच्या घरी असं बोलणं झालं असेल तर सुरुवात कशी केली, तेवढं जरूर लिहा. घटस्थापनेच्या आत मला गावात जायचं आहे.