मदत हवी आहे: टॉवेल कारखान्याला जॉबर (मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारा कारागीर) मिळेना. सरकारी केंद्र, आयटीआय, अप्रेंटिस यातल्या कशाचा कुणाला खरंच उपयोग झालाय का? (सोलापूर)

टेरीवाला:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांच्या वेळचे साधे माग थोडे उरलेत, बाकी सहा रेपियर माग (आधुनिक, पण सेकंडहँड; हप्ते चालू). पॅकिंग आणि ठेक्यावरची शिलाई धरून ३४ माणसं. आमच्या जॉबरना सगळे मामा म्हणतात, मीही. यंदा ६२ पूर्ण होतील, गुडघे गेलेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस सुट्टी घेतली, तर त्या चार दिवसांत दोन रेपियर उभे. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला काय बोलणार, माझाही तिथंच आहे.

टॉवेलच्या मागाची गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात ताणे (उभे धागे) दोन असतात. एक तळाचा, घट्ट. दुसरा पाईलचा (टॉवेलवरच्या मऊ फाशांचा), सैल. दोन बाणे (आडवे धागे) अर्धवट मागं थांबतात, तिसऱ्याला फणी (धागे ठोकून बसवणारी) पूर्ण पुढं येऊन आदळते आणि पाईलच्या धाग्याचा फास उभा राहतो. पाईलच्या बीमचा (ताणा गुंडाळलेल्या रुळाचा) ताण जरा चुकला की एक काठ जाड, एक काठ टक्कल. हे मामांना मागाच्या आवाजावरून कळतं. मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

आता काय काय करून पाहिलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका सरकारमान्य प्रशिक्षण संस्थेतून तीन पोरं आली. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, त्यावर शिक्का, क्यूआर कोड, सगळं. मामा एकाला म्हणाले, "धागा तुटलाय, सांध." पोरानं दोन टोकं धरून बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली. गाठ फणीत अडकली आणि शेजारचे चार धागे घेऊन गेली. मामा काही बोलले नाहीत. माग बंद केला, चष्मा पुसला आणि पाचही धागे स्वतः सांधले. मी पोराला विचारलं, तिथं माग नव्हता का रे? म्हणाला, "होता की ओ, प्रोजेक्टरवर." पंधरा दिवसांत दोघं गेले, तिसरा आता नवी पेठेत मोबाईलच्या दुकानात दिसतो. पोरगं हुशार आहे, भेटलं की नमस्कार करतं.

उलट अनुभवही सांगायला हवा. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली तेव्हा एक बी.कॉम. मुलगी घेतली. पदवीधर म्हणून महिना १०,००० सरकारकडून थेट तिच्या खात्यात. ई-वे बिलं, जीएसटीची जुळवाजुळव तिनं अशी धरली की मुदत संपल्यावर मी पगारावर ठेवून घेतली. पण ती योजना किमान बारावी पासला. माझ्याकडची सगळ्यात चांगली हातं आठवी-नववीची आहेत.

टपरीवर सहा मागवाल्यांना विचारलं. पाच जण म्हणाले, सरकारी केंद्राच्या नादी लागू नको, फुकट वेळ जातो. कधी गेला होतास, म्हटल्यावर पाचातला एकच गेलेला निघाला, तोही मेव्हण्याची नाव-नोंदणी करायला. म्हणून इथं विचारतोय. ज्यांनी खरंच या मार्गानं माणूस घेतलाय त्यांनी सांगावं. शिवाय आमचा एक पाहुणा म्हणतो की ३० च्या वर माणसं असतील तर अप्रेंटिस घ्यावाच लागतो. खरं का?

गड्ड्यातला_पाळणा:

पेपरात 'जॉबर पाहिजे' द्या की. एवढा मोठा धागा कशाला?

टेरीवाला:

दिली होती. तीन फोन आले. दोन कर्ज देणारे, एक विमावाला.

हिशोबनीस:

पाहुणे बरोबर सांगतायत. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिस) कायदा १९६१ चा, पण नियम २०१९ ला बदललेत. ३० किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती, ४ ते २९ असतील तर मर्जी. ठेक्यावरचेही मोजायचे, त्यामुळं 'शिलाईवाले माझे नाहीत' हे चालत नाही. प्रमाण अडीच ते पंधरा टक्के. ३४ चे अडीच टक्के एकाहूनही कमी, म्हणजे तुम्हाला किमान एक. वरची मर्यादा धरली तर पाच.

विद्यावेतन तुम्ही द्यायचं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना भरतं, तेही आता सरळ पोराच्या खात्यात. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागत नाही. शिकवून झाल्यावर नोकरी द्याच, असंही नाही.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. 'ऐच्छिक व्यवसाय' म्हणून एक प्रकार असतो. त्यात अभ्यासक्रम तुम्ही ठरवायचा, मुदत सहा महिने ते तीन वर्षं, आणि शिक्षणाची अट पाचवी पासपर्यंत खाली आणता येते. तुमची आठवी-नववीची पोरं इथं बसतात. युवा कार्यप्रशिक्षणात जे अडलं ते इथं अडत नाही. मात्र कारखाना आहे, तर १८ च्या खालचा घेऊ नका, कागद कितीही परवानगी देवो.

जाता जाता: रिकाम्या जागा कळवण्याचा १९५९ चा कायदा २५ माणसांपासून लागू होता. सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा २० वर आलीय आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं नाव 'करिअर सेंटर' झालंय. जागा कळवायची म्हणजे त्यांनी पाठवलेलाच माणूस घ्यायचा, असा अनेक मालकांचा गैरसमज असतो आणि त्या भीतीनं ते कळवतच नाहीत. तशी सक्ती जुन्या कायद्यातही नव्हती.

ओव्हरलॉक:

दादा, माझं युनिफॉर्मचं युनिट आहे, सगळ्या बायकाच. शिवणक्लासचं सरकारी प्रमाणपत्र घेऊन मुली येतात, त्यांना अख्खा ब्लाऊज येतो. मला अख्खा ब्लाऊज नको असतो हो, मला दिवसभर फक्त कॉलर लावणारी हवी असते. तिचा जीव कंटाळतो, माझी लाईन अडते. यात शिकवणाऱ्याची चूक नाही, त्यांनी घरगुती शिलाई धरून शिकवलेलं असतं.

मी पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यात टेबल लावून बसले. पहिल्या वर्षी बोर्डावर नुसतं 'टेलर' लिहिलं. गर्दी झाली, टिकलं कुणी नाही. पुढच्या वर्षी मशीनच टेम्पोत घालून नेलं. बसा, दोन कॉलर लावा, जमतंय का बघा, तुम्हीपण बघा. अकरा जणी निवडल्या, चार आजही आहेत. चारसुद्धा मला खूप झाल्या, कारण त्या चौघींनी पुढं आपल्या गल्लीतून बाकीच्या आणल्या.

एक सूचना. पहिल्या महिन्यात मुलगी गेली की आपण म्हणतो 'सरकारी माल'. ओळखीतून आलेली गेली तर म्हणतो 'घरी अडचण असेल'. मीही म्हणायची.

निवृत्त_निदेशक:

सोलापूरबाहेरच्या आयटीआयत फिटर ट्रेड शिकवला, आता घरी आहे. टेरीवाला, एक विचारतो. जागा कळवताना तुम्ही काय लिहिलं होतं? आठवत असेल तर शब्दशः टाका.

टेरीवाला:

सर, मोबाईलमध्येच आहे. "हेल्पर / ऑपरेटर, २ जागा, अनुभवीस प्राधान्य, पगार योग्यतेनुसार."

निवृत्त_निदेशक:

वाटलंच. यावर मी तुमच्याकडं कुणाला पाठवलं असतं? ज्याला दुसरीकडं कुणी घेत नाही त्याला. माझ्या चांगल्या पोराला मी तोच कारखाना सांगणार, ज्याचा मालक येऊन म्हणाला की मला बेअरिंगचा आवाज ओळखणारा हवा, इतका पगार, इतक्या वाजता सुट्टी.

दुसरं म्हणजे, जॉबर कुठल्याच संस्थेत तयार मिळणार नाही. तो मागाशेजारीच होतो. आयटीआयकडून तुम्हाला जॉबरचा कच्चा माल मिळेल: फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, ज्याला मायक्रोमीटर वाचता येतो, पॅनेल उघडायची भीती नाही, आणि जो आठ तास उभा राहू शकतो. विणकामाचा भाग मामांनी द्यायचा. सोलापुरात पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहे, तिथंही एकदा विचारा. मागाजवळ बसून शिकवणारं कुणी भेटलं तर मामांच्या गुडघ्यांना तेवढाच आराम.

विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयत प्लेसमेंट बघणाऱ्या निदेशकांना भेटा. निकाल लागल्यावर नका जाऊ, तोवर चांगली पोरं पुण्याच्या कंपन्यांनी नेलेली असतात. शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आधी जा. 'ड्युअल सिस्टीम' म्हणून एक पद्धत आहे, तिची चौकशी करा. संस्था आणि कारखाना यांच्यात करार होतो आणि पोरगं प्रशिक्षणाचा काही काळ कारखान्यात काढतं. तुमचा आकार लहान आहे, बसेल की नाही ते तेच सांगतील. नाही बसलं तर हिशोबनीस म्हणतायत तो अप्रेंटिसचा मार्ग आहेच.

आणि माफ करा, पण तुमच्यासारख्या मालकांबद्दल आमचीही तक्रार असते. आम्ही बोलावलं की कुणी येत नाही. अभ्यासक्रम जुना, मशीन जुनी, हे पेपरातून कळवतात. तुमच्याकडचा एखादा भंगारात निघालेला माग संस्थेला द्यायचं मनात तरी आलं का कधी?

टेरीवाला:

सर, नाही आलं. गेल्या वर्षीच दोन माग किलोवर विकले.

कुंभारीकर:

मालक, राग मानू नका. मी काही कारखानदार नाही, कुंभारीच्या रे नगर वसाहतीत राहतो. आई विड्या वळायची, आता डोळ्यांनी जमत नाही. आमच्या वसाहतीत ३०,००० घरांचा प्रकल्प आहे, जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या मिळाल्या. तुमच्या एमआयडीसीला आम्ही जवळ. पोरं आहेत. पण कुणी येत नाही त्याचं कारण विचारलंत का?

माझा भाऊ एका टॉवेल कारखान्यात होता (नाव घेत नाही). बारा तासाची पाळी. पाईल खराब झाली की पीसचे पैसे कापायचे, पण बीमच वाकडं आलेलं असलं तरी तेही त्याच्यातूनच. शिकवायला कुणी नाही. जॉबर धागा सांधताना पाठ फिरवायचा, पोरगं शिकलं तर आपली जागा जाईल म्हणून. आठ महिने राहिला आणि पुण्याला गेला, गोदामात. पगार फार जास्त नाही, पण आठ तास आणि आठवड्याची सुट्टी. तो म्हणतो, तिथं मला कुणी 'ए पोरा' म्हणत नाही, आयडी कार्डावर नाव आहे.

तुम्ही अप्रेंटिस म्हणून घेणार असाल तर आधी सांगा, शिकवणार कोण आणि शिकवायचे त्याला काय मिळणार?

टेरीवाला:

हे लागलं, पण बरोबर आहे. आज दुपारी मामांना सरळ विचारलं की तुम्ही पाठ फिरवता का. हसले. म्हणाले, "तरुणपणी फिरवायचो. आता बघायलाच कुणी नाही तर फिरवू कुणाकडं?"

तर असं ठरवलंय. बीमचा दोष असेल तर पीसचे पैसे कापायचे नाहीत, हे आजच बोर्डावर लिहिलं (सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं). ऐच्छिक व्यवसायात दोन अप्रेंटिस घ्यायचे, एक वर्ष. मामांना शिकवण्याचे महिन्याला वेगळे पैसे, आणि सकाळी दोन तास त्यांच्याकडं माग नाही, फक्त पोरं. शिवाय आयटीआयतून एक इलेक्ट्रिशियन. जागेचा मजकूर नव्यानं लिहिलाय, बघून सांगा:

"टेरी टॉवेलच्या रेपियर मागावर जॉबरचं काम शिकायला २ अप्रेंटिस हवेत. आठवी पास, वय १८ पूर्ण. अनुभव नको. पहिले तीन महिने फक्त शिकणं: धागा सांधणं, बीम चढवणं, पाईलचा ताण. शिकवणारे जॉबर ४० वर्षांचे अनुभवी. वेळ सकाळी ८ ते ४.३०, मधे अर्धा तास जेवण. रविवार सुट्टी. विद्यावेतन नियमाप्रमाणे, आकडा भेटीत नाही, फोनवरच सांगू. कुंभारी, विडी घरकुल भागातल्यांना प्राधान्य."

निवृत्त_निदेशक:

चांगलं आहे. 'फोनवरच सांगू' काढा, आकडा तिथंच लिहा. लपवलेला आकडा म्हणजे कमी आकडा, असंच पोरं समजतात.

ओव्हरलॉक:

आणि आयटीआयत जाताना दादा, मामांना घेऊन जा. तुम्ही बोलाल पगाराचं, ते बोलतील मागाचं.

टेरीवाला:

आकडा टाकला. सोमवारी मामा येतायत. सुताची दोन कोनं पिशवीत भरून ठेवलीत त्यांनी, म्हणाले, पोरांना तिथंच गाठ शिकवतो, कुणाची बोटं चालतात ते कळेल. आयटीआयत रिक्षानं जाणार, त्यांच्या गुडघ्यांमुळं. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे की तळाला, कुणाला माहीत आहे का?

कुंभारीकर:

ते नाही माहीत. पण भावाला जाहिरात पाठवलीय. त्यानं विचारलंय, चुलतभाऊ आहे, नववी, १९ वर्षांचा, चालेल का?

टेरीवाला:

मंगळवारी सकाळी आठला पाठवा. त्याचं नाव सांगून ठेवा, गेटवर लिहून ठेवतो.